कार्ब्युरेटरची सुई आणि पेट्रोलचा हिशेब

१. प्रास्ताविक

मोटारसायकल एक लिटर पेट्रोलमध्ये किती किलोमीटर चालते, हे विचारावयाचे झाल्यास मराठी बोलीत दोन शब्द योजले जातात. एक ‘मायलेज’ आणि दुसरा ‘ॲव्हरेज’. पहिल्या शब्दाच्या पोटात मैल आहे. भारतात वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढील काही वर्षांत मैलाची जागा किलोमीटरने घेतली. शब्दातला मैल मात्र हलला नाही. दुसरा शब्द अधिक विचार करावयास लावणारा आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ ‘सरासरी’ असा होतो, आणि सरासरी कशाची हे तेथे वेगळे सांगावे लागते. मराठीत तसे सांगावे लागत नाही. ‘गाडी किती ॲव्हरेज देते?’ एवढ्या प्रश्नाने ऐकणाऱ्याचे पूर्ण समाधान होते. येथे सरासरी ही हिशेबाची क्रिया उरलेली नाही. ती गाडीने द्यावयाची एक वस्तू झाली आहे, आणि वाक्यातील कर्तेपण गाडीकडे गेले आहे.

वस्तुस्थिती अशी, की हे कर्तेपण फार काळ गाडीकडे नव्हते. पेट्रोल किती जळावे हे ठरविणारे उपकरण, म्हणजे कार्ब्युरेटर, हे हाताने जुळवावयाचे उपकरण होते, आणि एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन गाड्या या जुळवणीमुळे अगदी भिन्न हिशेब दाखवीत. ही जुळवणी करण्याचा अधिकार प्रथम चालकाकडे, मग कारागिराकडे, पुढे कारखान्याकडे आणि शेवटी संगणकाकडे कसा गेला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. त्याबरोबरच या इतिहासातील एका भ्रमाचेही परीक्षण केले आहे. पेट्रोल वाचविणे म्हणजे एंजिनाला पेट्रोल कमी देणे, हा तो भ्रम होय. ज्या कारागिरांना या कलेचे मर्म कळले होते ते असे मानीत नसत. आणि त्यांचे म्हणणे का खरे होते, हे उपकरणाच्या रचनेतूनच स्पष्ट होते.

२. शब्द आणि उपकरण

‘कार्ब्युरेटर’ हा शब्द मोटारगाडीहून जुना आहे. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘कार्बो’, म्हणजे कोळसा, हा शब्द आहे. त्यावरून फ्रेंच भाषेत कार्बनच्या संयुगाला ‘कार्ब्युर’ म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य शहरांतील रस्ते व घरे वायूच्या दिव्यांनी उजळत असत. ज्या वायूची ज्योत फिकी पडे, त्यात कार्बनयुक्त तेलाची वाफ मिसळून ती तेजस्वी करीत. ही क्रिया करणाऱ्या पात्रास कार्ब्युरेटर हे नाव होते. अंतर्ज्वलन एंजिन आले तेव्हा हवेत इंधनाची वाफ मिसळण्याचे तेच काम तेथेही निघाले, आणि दिव्याचा शब्द एंजिनाकडे आला.

आरंभीचे कार्ब्युरेटरही दिव्याच्या पात्रासारखेच होते. भांड्यात पेट्रोल ठेवावयाचे आणि त्याच्या पृष्ठभागावरून हवा ओढून घ्यावयाची, एवढीच त्यांची रीत. म्युनिक येथे १८९४ पासून तयार होऊ लागलेली हिल्डेब्रांट–वोल्फम्युलर मोटारसायकल, जी मालिकेने तयार झालेली पहिली मोटारसायकल मानली जाते, ती अशाच कार्ब्युरेटरवर चाले. या रीतीत एक मूलभूत दोष होता. पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नाही. त्यातील हलके अंश आधी उडून जातात व जड अंश तळाशी राहतात. त्यामुळे प्रवासाच्या आरंभीचे मिश्रण आणि अखेरचे मिश्रण सारखे राहत नसे. हवेच्या उष्णतेप्रमाणे ते आणखी बदले.

यावरील उपाय १८९३ साली दोन ठिकाणी पुढे आला. जर्मनीत विल्हेल्म माइबाख यांनी आणि बुडापेस्ट येथे दोनात बांकी व यानोश चोंका यांनी पेट्रोलची वाफ होण्याची वाट न पाहता ते बारीक छिद्रातून हवेच्या झोतात फवारण्याची रचना केली. या छिद्राला ‘जेट’ म्हणतात. छिद्रापाशी पेट्रोलची पातळी कायम राहावी म्हणून एका लहान कुंडीत तरंगणारा फ्लोट बसविला गेला. पातळी वाढली की तो वर येऊन पेट्रोलची वाट बंद करी. जेट आणि फ्लोट या दोन अवयवांवर पुढील सव्वाशे वर्षांचा कार्ब्युरेटर उभा राहिला.

३. प्रमाणाचा प्रश्न

हवेच्या वाटेत मध्येच आकुंचन केले तर त्या जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी यांनी अरुंद मार्गातून होणाऱ्या प्रवाहाचे आपले प्रयोग १७९७ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा अरुंद घसाच कार्ब्युरेटरचा प्राण आहे. घशात दाब उतरला की कुंडीतील पेट्रोल जेटमधून वर खेचले जाते. इंग्रजीत पेट्रोल–हवेची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेला ‘थ्रॉटल’ आणि थंड एंजिन सुरू करताना हवा रोखणाऱ्या झडपेला ‘चोक’ म्हणतात. यांपैकी पहिल्या शब्दाच्या मुळाशी घसाच आहे व दुसऱ्याचा अर्थ श्वास कोंडणे असा आहे. मराठी कारागीर गाडी ‘गुदमरते’ असे म्हणतो तेव्हा तो हीच प्रतिमा स्वतंत्रपणे वापरीत असतो.

पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. परंतु एंजिनाची गरज नेहमी या आकड्यावर स्थिर नसते. अधिकांत अधिक शक्ती हवी असेल तेव्हा साडेबारा ते तेरा भाग हवा, म्हणजे काहीसे दाट मिश्रण, लागते. संथ व सम गतीने जाताना पंधरा ते सोळा भाग हवा पुरते, आणि पेट्रोलचा सर्वांत काटकसरीचा उपयोग तेथेच होतो. त्यापलीकडे मिश्रण विरळ केले तर ते सावकाश व अनियमितपणे जळते. एंजिनाची ओढ कमी होते, आणि चालक तीच गती राखण्यासाठी मूठ अधिक पिळतो. म्हणजे काटकसरीची जागा अरुंद आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना उधळपट्टी आहे. या एका गोष्टीत सर्व जुळवणीचे तत्त्व सामावलेले आहे.

अडचण अशी, की एकट्या साध्या जेटला हे प्रमाण राखता येत नाही. हवेचा प्रवाह वाढत गेला की त्यातून पेट्रोल हवेच्या मानाने अधिक येऊ लागते. प्रवाह मंद असेल तर पुरेसे येतच नाही. म्हणून मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरात मिश्रणाचे काम अवयवांमध्ये वाटून देण्याची पद्धत रूढ झाली. मूठ जेमतेम उघडलेली असते तेव्हा स्लो जेट व हवेचा स्क्रू यांचा अंमल असतो. आठव्या हिश्शापासून पाव हिश्शापर्यंत सरकत्या झडपेच्या, म्हणजे स्लाइडच्या, खालच्या कडेस दिलेल्या कापाचा परिणाम प्रमुख असतो. पाव ते पाऊण हिश्शापर्यंत स्लाइडला अडकविलेली निमुळती सुई काम करते. ती वर गेली की छिद्रातील मोकळी जागा वाढते. शेवटच्या पाव हिश्शात मेन जेट पेट्रोलचे माप ठरवितो. या हद्दी काटेकोर नाहीत. एकीचा अंमल दुसरीत मिसळत जातो. तरीही, गाडी कोणत्या टप्प्यावर पेट्रोल अधिक घेते हे प्रथम ओळखल्याखेरीज कोणत्या अवयवाला हात लावावयाचा हे ठरविता येत नाही.

४. चालकाची मूठ

विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात हे काम बव्हंशी चालकाकडेच होते. त्या काळच्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या हँडलवर मिश्रणासाठी एक आणि हवेसाठी एक अशा दोन दांड्या असत. चढ लागला, गाडी तापली, गती बदलली, की चालक हवेची दांडी सरकवून प्रमाण जुळवी. एंजिनाचा आवाज ऐकणे हा गाडी चालविण्याचाच भाग होता. काटकसर ही तेव्हा कसलेल्या चालकाची खूण होती.

१९२७ साली अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन ब्रिटिश कार्ब्युरेटर-उत्पादकांचे एकीकरण होऊन ‘अमाल’ ही कंपनी निघाली. हे नावच एकीकरण या अर्थाच्या इंग्रजी शब्दापासून साधले आहे. सुई व स्लाइड असलेला तिचा कार्ब्युरेटर ब्रिटिश मोटारसायकलींत सर्वत्र पसरला. हँडलवरील हवेच्या दांडीचे महत्त्व कमी होत गेले. चालकाने क्षणोक्षणी करावयाची जुळवणी आता एकदाच, गाडी उभी असताना, सुईच्या खाचांतून करावयाची झाली. येथे अधिकाराचे पहिले स्थलांतर घडले. चालकाचा कान निवृत्त झाला आणि कारागिराचा कान कामास लागला.

या कलेविषयीच्या लेखनात वेगाला मोठे स्थान मिळाले. ऑस्ट्रेलियन अभियंते फिल अर्व्हिंग यांचे १९४८ साली निघालेले ‘ट्यूनिंग फॉर स्पीड’ हे पुस्तक त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. परंतु सामान्य चालकाचा प्रश्न वेगाचा नव्हता. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९३९ पासून मे १९५० पर्यंत पेट्रोलचे नियंत्रित वाटप होते. सुएझच्या संघर्षामुळे डिसेंबर १९५६ ते मे १९५७ या काळात ते पुन्हा आले. ज्याला महिन्याचे पेट्रोल मोजून मिळते, त्याला सुई एक खाच खाली घेणे म्हणजे पुढच्या आठवड्यात कामावर जाता येणे. अशा टंचाईच्या काळात मेन जेट लहान करण्याचा मोह होणे स्वाभाविक असते, आणि तो बहुधा व्यर्थ ठरतो. कारण मूठ पाऊण हिश्शाच्या वर गेल्याशिवाय त्या जेटचा खरा संबंध येत नाही.

५. भारतातील कारागीर

भारतात मोटारसायकलींचे उत्पादन स्वातंत्र्योत्तर काळातील. सैन्यासाठी बुलेटची मागणी नोंदली गेल्यावर १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडियाचा आरंभ झाला. म्हैसूर येथील आयडियल जावाने १९६१ साली चेक बनावटीची जावा देशात तयार करण्यास प्रारंभ केला. १९६२ साली एस्कॉर्ट्‌सची राजदूत आली. तिचा मूळ नमुना पोलिश होता. पुण्याजवळ आकुर्डी येथे इटालियन परवान्यावर स्कूटर तयार होऊ लागली. ब्रिटिश, चेक, पोलिश आणि इटालियन अशा चार परंपरांची यंत्रे एकाच वेळी एकाच रस्त्यावर आली, आणि त्यांचे कार्ब्युरेटरही चार परंपरांचे होते.

याचा परिणाम कारागिराच्या ज्ञानावर झाला. उदाहरणार्थ, बुलेटवर पुढे बसविल्या गेलेल्या मिककार्ब बनावटीच्या कार्ब्युरेटरात बाजूचा स्क्रू हवेची वाट नियंत्रित करतो. तो आत पिळला की हवा कमी होऊन मिश्रण दाट होते. व्हेस्पा पद्धतीच्या स्कूटरमध्ये मात्र तशाच दिसणाऱ्या स्क्रूमधून पेट्रोलमिश्रित हवा जाते. तो आत पिळला की मिश्रण विरळ होते. हाताची क्रिया एकच, पण तिचा अर्थ उलट. जेटवरील अंकांचीही तीच गत. अमालच्या मेन जेटवरील अंक त्यातून दर मिनिटास किती घनसेंटिमीटर पेट्रोल वाहते ते सांगतो. केहिनसारख्या जपानी पद्धतीत अंक छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत दर्शवितो. दोन जेटांवरील अंक सारखा दिसला म्हणून माप सारखे ठरत नाही.

हे सर्व ज्ञान मुख्यतः पुस्तकांतून आले नाही. गॅरेजमध्ये ‘पोऱ्या’ म्हणून लागलेला मुलगा आधी स्पॅनर उचलून देई, मग कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये धुई, जेटमध्ये फुंकर घालून पाही, आणि काही वर्षांनी त्याचा कान तयार होई. या शिक्षणाची परिभाषा इंग्रजी शब्दांची असली तरी व्याकरण मराठी होते. ‘रेस दे’ म्हणजे मूठ पीळ. ‘गाडी मिसिंग करते’ म्हणजे मधूनमधून ठिणगीचा स्फोट चुकतो. ‘पिकअप नाही’ म्हणजे मूठ पिळूनही ओढ येत नाही.  गाडी पेट्रोल ‘पिते’ किंवा ‘खाते’ ही क्रियापदे मात्र अस्सल मराठी आहेत, आणि त्यांत तक्रारीचा सूर आहे.

१९७३ च्या अखेरीस पश्चिम आशियातील युद्धानंतर खनिज तेलाची किंमत काही महिन्यांत सुमारे चौपट झाली. जावा आणि राजदूत यांसारख्या दोन-स्ट्रोक गाड्या वापरणाऱ्या कारकुनाला, दूधवाल्याला व शिक्षकाला हा फरक पगारात जाणवला. १९७८ साली पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन या संस्थेची स्थापना झाली आणि वाहनांची निगा हा सरकारी प्रचाराचा विषय बनला. ‘ॲव्हरेज काढून द्या’ ही मागणी गॅरेजच्या दारात नित्याची झाली.

६. जुळवणीची रीत

या मागणीस जाणता कारागीर कसा सामोरा जाई, ते पाहणे उद्बोधक आहे. तो सुईला प्रथम हात लावीत नसे. आधी चाके हाताने फिरवून ब्रेक घासतात काय ते पाही. टायरांतील हवा, साखळीचा ताण आणि क्लच यांची परीक्षा करी. ब्रेक घासत असेल तर जेवढे पेट्रोल त्यात जाते तेवढे कोणत्याही स्क्रूने परत मिळत नाही. त्यानंतर हवेची जाळी साफ होई, कारण ती तुंबली म्हणजे चोक अर्धवट ओढून ठेवल्यासारखेच होते. मग प्लग व पॉइंट यांची फट आणि ठिणगीची वेळ. ठिणगी उशिरा पडत असेल तर मिश्रण बरोबर असूनही त्याची शक्ती वाया जाते. एवढे सर्व निर्दोष ठरले तरच दोष कार्ब्युरेटरात आहे असे मानावयाचे.

कार्ब्युरेटरातही आरंभ फ्लोटपासून होई. फ्लोटची झडप झिजली किंवा तिच्यात कचरा अडकला की कुंडीतील पातळी वर राहते व सर्वच टप्प्यांवर मिश्रण दाट होते. गाडी उभी असताना नळीतून पेट्रोल ठिबकणे ही त्याची उघड खूण. चोकची झडप पूर्ण बसते काय, हेही पाहावे लागते. यानंतर सुई आणि ती ज्या पितळी छिद्रात खालीवर होते ते छिद्र. हजारो किलोमीटर सुई घासून हे छिद्र लंबवर्तुळाकार होते. डोळ्यांना हा फरक क्वचितच दिसतो. पण छिद्र मोठे झाल्यामुळे मधल्या टप्प्यावर पेट्रोल सतत अधिक येत राहते. अशा गाडीची सुई खाली उतरविणे हा तात्पुरता इलाज. छिद्राचा भाग बदलणे हाच खरा.

एंजिन तापल्यावर हवेचा स्क्रू हळूहळू फिरवून ज्या जागी आवाज सर्वांत जलद व सम होतो ती जागा शोधावयाची, आणि मग मंद गतीचा स्क्रू सैल करून एंजिन शांत करावयाचे, हा पुढचा टप्पा. त्यानंतर सुई. तिच्या माथ्यावर बहुधा पाच खाचा असतात. क्लिप वरच्या खाचेत बसविली की सुई खाली उतरते व मिश्रण विरळ होते. एका वेळी एकच खाच, आणि प्रत्येक वेळी रस्त्यावर परीक्षा, हा नियम. मधल्या गतीने काही अंतर जाऊन एकदम एंजिन बंद करावयाचे व प्लग काढून पाहावयाचा. काजळी धरलेला काळा प्लग दाट मिश्रण दाखवितो, खडूसारखा पांढरा विरळ. विटकरी-तपकिरी रंग आला की प्रमाण साधले. मोजणीसाठी काही गॅरेजांत शंभर मिलिलिटरची बाटली नळीने जोडून गाडी बंद पडेपर्यंत चालवीत. भावनेपेक्षा बाटली विश्वासार्ह, एवढे शास्त्र तेथे होते.

येथेच मूळ भ्रमाचा निकाल लागतो. गिऱ्हाईक सुई आणखी खाली घ्यावयास सांगे. कारागीर नकार देई, आणि त्याच्या नकारास कारण होते. दोन-स्ट्रोक एंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी केले की तेलही कमी होते. शिवाय विरळ मिश्रणाने एंजिन अधिक तापते. दट्ट्या सिलिंडरला चिकटून गाडी चालत्या रस्त्यावर अडकते, म्हणजे ‘सीझ’ होते. महिन्याकाठी वाचलेले दोन लिटर पेट्रोल एका दिवसाच्या दुरुस्तीत जाते; आणि मागील चाक एकाएकी थबकले तर प्रश्न पैशांचाही राहत नाही.

७. कारखान्याचा अधिकार

कारागिराच्या हाताला एक मर्यादा होती आणि ती त्याच्या कौशल्यापलीकडची होती. दोन-स्ट्रोक एंजिनात जळलेला वायू बाहेर ढकलण्याचे काम ताजे मिश्रणच करते, आणि त्याचा काही भाग न जळता धुराबरोबर निघून जातो. कार्ब्युरेटर कितीही अचूक जुळविला तरी ही गळती थांबत नाही. १९८५ साली धारूहेडा येथील हीरो होंडाच्या कारखान्यातून ९७.२ घनसेंटिमीटरची चार-स्ट्रोक मोटारसायकल बाहेर पडली आणि तिने पेट्रोलची काटकसर हाच आपल्या जाहिरातीचा मुख्य विषय केला. त्या गाडीची काटकसर मूलतः चार-स्ट्रोक चक्राची होती. जे काम सुईच्या खाचांतून होणे शक्य नव्हते ते एंजिनाच्या रचनेने केले. ‘ॲव्हरेज’ ही कारागिराने काढून द्यावयाची वस्तू होती, ती आता गाडीबरोबर विकत मिळू लागली. गाडी ॲव्हरेज ‘देते’ हा वाक्प्रयोग या काळात खऱ्या अर्थाने सार्थ झाला.

दुसरा दाब कायद्याचा होता. अमेरिकेत १९७८ च्या मॉडेलांपासून मोटारसायकलींच्या धुरावर संघराज्याचे नियम लागू झाले. पुढे तेथील अनेक गाड्यांत मिश्रणाचा स्क्रू टोपणाखाली बंद झाला आणि सुईवर अनेक खाचांऐवजी एकच खाच आली. भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मंद गतीवर चालणाऱ्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ४.५ टक्क्यांहून अधिक नसावे, असे ठरविले. ज्या स्क्रूचा विचार तोवर फक्त पेट्रोलच्या हिशेबात होत असे, तो आता सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात आला. दाट मिश्रणाचा खर्च गाडीच्या मालकाप्रमाणेच मागच्या माणसालाही सोसावा लागतो, ही जाणीव कायद्याने प्रथम स्पष्ट केली.

याच काळातील प्रयोगशालेय मोजणी कारागिराच्या एका जुन्या अनुभवास दुजोरा देते. भारतीय दुचाकींच्या चाचणीसाठी दीर्घकाळ वापरले गेलेले चालन-चक्र १०८ सेकंदांचे होते. त्यातील सर्वाधिक गती ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी ताशी सुमारे २२ किलोमीटर होती. शहरातील दैनंदिन प्रवास असाच असतो, आणि अशा गतीत मूठ क्वचितच अर्ध्यापलीकडे जाते. म्हणजे पेट्रोलचा बहुतेक हिशेब स्लो जेट, स्लाइडचा काप आणि सुईचा वरचा जाड भाग यांच्या हद्दीत मिटतो. मेन जेट बदलून ॲव्हरेज वाढविण्याची आशा का फसते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

८. उपसंहार

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-सहा ही उत्सर्जनाची मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींपैकी बहुतेकींतून कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी इंधन दाबाने फवारणारी यंत्रणा आली. धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक आणि त्यानुसार प्रत्येक फवाऱ्याचा कालावधी बदलणारा लहान संगणक हे मिश्रण ठरवितात. जुन्या चालकाने हवेच्या दांडीने जे क्षणोक्षणी केले होते, तेच काम पुन्हा क्षणोक्षणी होऊ लागले आहे. फरक इतकाच की ते आता मानवी कानाच्या आवाक्यात नाही. अचूकता वाढली, धूर घटला, हे निर्विवाद लाभ होत. त्यांच्या मोबदल्यात जुळवणीस वाव उरला नाही.

तथापि, हा इतिहास पूर्ण संपलेला नाही. कार्ब्युरेटरच्या लक्षावधी गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या टाकीतील इंधन बदलले आहे. भारतात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ साली आणि वीस टक्क्यांचे २०२५ साली गाठले गेले. त्या इथेनॉलचा एक भाग उसापासून येतो, आणि महाराष्ट्रातील साखर कारखाने त्याचे प्रमुख पुरवठादार आहेत. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असल्याने त्यास जळण्यासाठी वजनाने नऊच भाग हवा लागते. वीस टक्के मिश्रणास म्हणून १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग पुरतात. संगणक हा फरक संवेदकावरून काही अंशी भरून काढतो. कार्ब्युरेटरला तो कळत नाही. त्याचा जेट पूर्वीइतकेच इंधन देत राहतो, आणि मिश्रण आपोआप आठ टक्क्यांच्या आसपास विरळ होते.

इथेनॉलची उष्णता लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने अशा गाडीचे ॲव्हरेज थोडे उतरणे अपरिहार्य आहे. मालक ते उतरलेले पाहून जुन्या समजुतीप्रमाणे सुई आणखी खाली घ्यावयास सांगेल. आधीच विरळ झालेल्या मिश्रणावर हा उपाय केल्यास एंजिन तापेल, ओढ कमी होईल आणि हिशेब आणखी बिघडेल. येथे योग्य उपाय बहुधा उलट दिशेचा असतो. सुई एक खाच वर घ्यावयाची, प्लगचा रंग पाहावयाचा, आणि लिटरमागे जे किलोमीटर मिळतील ते मान्य करावयाचे. हे सांगू शकणारा माणूस गॅरेजमध्ये असणे अजून काही वर्षे तरी आवश्यक आहे. परंतु २०२० नंतर त्या धंद्यात शिरलेल्या मुलाला सुईच्या खाचा हाताळण्याचे प्रसंग कमी येतात.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. या कारागिरीची लिखित साधने प्रामुख्याने कारखान्यांच्या पुस्तिका आणि जेटवरील अंक ही होत. प्रत्यक्ष निर्णय मात्र कान, प्लगचा रंग आणि बोलीतील दहा-वीस शब्द यांच्या आधारे होत असत. कागदपत्रे कारखान्याच्या दप्तरात टिकतात. शब्द व ते वापरण्याची रीत गॅरेज बंद झाले की त्याबरोबर जातात. मद्रास, म्हैसूर आणि आकुर्डी येथील उत्पादनाचा इतिहास लिहिला जाईल, काही अंशी लिहिला गेलाही आहे. ती यंत्रे चाळीस-पन्नास वर्षे ज्यांनी चालती ठेवली त्यांच्या ज्ञानाची नोंद करावयाची असल्यास ती त्यांच्या तोंडूनच घ्यावी लागेल, आणि त्यांतील अनेकांचे वय आता सत्तरीपलीकडे गेले आहे.